हॅटट्रिकमध्ये फॉरवर्ड लावताना या चुका टाळा

कोल्हापुरात फुटबॉलचं बोलणं गोलापासून सुरू होतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच रंगलेली असावी, एक संघ मागं पडावा, की गॅलरीतून पहिली हाक येते, "आणि एक फॉरवर्ड घाल की आत!" आपल्या पेठांतली पोरं ऑनलाइन मॅनेजर गेम खेळायला बसतात तेव्हाही हीच हाक त्यांच्या कानात असते. संघ हरला की फॉरवर्ड वाढवायचा. गोल झाला नाही की फॉरवर्ड बदलायचा. आणि तिथंच घोळ होतो.

हे सगळं हॅटट्रिक या गेमबद्दल आहे. 1997 मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेला हा गेम ब्राउझरमध्ये चालतो. इथं चेंडू तुमच्या बोटांत नसतो. तुम्ही अकरा जण निवडायचे, कोण कुठं उभा राहील आणि कुठल्या ऑर्डरनं, म्हणजे नॉर्मल, डिफेन्सिव्ह, विंगकडं अशा कुठल्या सूचनेनं खेळेल ते सांगायचं, मग मॅच आपोआप होते. म्हणून फॉरवर्ड कुठं लावला याला इथं फार किंमत आहे. एकदा शिट्टी वाजली की ओरडून त्याला इकडं-तिकडं सरकवता येत नाही.

माझं म्हणणं एकच आहे. फॉरवर्ड सगळ्यात शेवटी ठरवा. आधी बघा चेंडू आपल्याकडं किती येणार, मग समोरच्याची बचावफळी कुठं कच्ची आहे ते बघा, आणि त्या वाटेवर कोणता फॉरवर्ड कशा ऑर्डरनं चालेल हे त्यानंतर. बहुतेक जण नेमकं उलट्या क्रमानं जातात. पंधरवड्यापूर्वी ट्रान्सफर मार्केटमध्ये पैसे ओतून घेतलेला स्ट्रायकर आधी टीमशीटवर चढतो आणि बाकीचा संघ त्याच्या मागं कसाबसा बसवला जातो.

तिसरा फॉरवर्ड

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हॅटट्रिकमध्ये जास्तीत जास्त तीन फॉरवर्ड लावता येतात. पण एकाच जागेवर गर्दी केली की प्रत्येकाचं योगदान घटतं. एकच फॉरवर्ड असेल तर तो शंभर टक्के देतो. दोन असतील तर प्रत्येकी 94.5 टक्के, आणि तीन असतील तर प्रत्येकी 86.5 टक्के. आता बेरीज करा. तीन सारख्या ताकदीच्या फॉरवर्डचं मिळून सुमारे 2.6 फॉरवर्डचं काम होतं, दोघांचं 1.89. म्हणजे तिसऱ्यासाठी तुम्ही पगार भरता पूर्ण रुपया आणि हातात पडतात सत्तर पैसे. आणि तो सहसा तुमचा तिसऱ्या नंबरचा, म्हणजे कमी ताकदीचा खेळाडू असतो, त्यामुळं प्रत्यक्षात सत्तरही नाहीत.

कुणी म्हणेल, मधल्या फळीतही हाच नियम आहे. बरोबर, तिथं तर घट जास्त आहे. मधोमध खेळणारे तीन मिडफिल्डर लावले तर प्रत्येकाचं योगदान 82.5 टक्क्यांवर येतं. मग तिसरा मिडफिल्डर तरी का लावायचा? कारण मधली फळी ठरवते की चढाईची संधी कुणाला मिळणार. तिथं तुम्ही वरचढ झालात की तुमच्या चढाया वाढतात आणि त्याच वेळी समोरच्याच्या कमी होतात. आघाडीची फळी एवढंच ठरवते की मिळालेल्या चढाईचा गोल व्हायची शक्यता किती. मधली फळी दोन्ही बाजूंनी काम करते, आघाडी एकाच बाजूनं.

मंगळवार पेठेतल्या एका पोरानं मला त्याच्या मॅचचा तक्ता दाखवला होता. तो 3-4-3 खेळला होता, म्हणजे तीन बचावपटू, चार मिडफिल्डर (दोन मधोमध, दोन बाजूंना) आणि तीन फॉरवर्ड. गेम प्रत्येक फळीची ताकद एका शब्दात सांगतो. त्याचा मधला हल्ला 'ब्रिलियंट', म्हणजे त्याच्या डिव्हिजनला डोळे फिरवणारा. मधली फळी 'इनअडिक्वेट'. समोरच्याची मधली फळी 'एक्सलंट'. चेंडूचा ताबा त्याच्याकडं 38 टक्के. मॅच 3-1 अशी हरला. त्याची तक्रार होती, "तीन-तीन फॉरवर्ड असून एकच गोल, हे मॅच चालवणारं इंजिनच गंडलंय." मी म्हटलं, "भावा, तुझ्या चढाया मोज." मोजल्या तर त्याच्या तीन, समोरच्याच्या आठ. तीन चढायांत एक गोल ही तर चांगली कमाई. त्याच्या आघाडीत खोट नव्हतीच, चेंडूच पोचत नव्हता. तिसऱ्या फॉरवर्डला बसवून त्या जागी मिडफिल्डर घातला की 3-5-2 होतं, आणि त्याच्या संघाला तेच हवं होतं.

मग 3-4-3 कधी खेळायचं? दोन प्रसंगी. समोरचा इतका दुबळा असेल की मधोमधच्या दोन मिडफिल्डरवरच ताबा आपल्याकडं राहणार, तेव्हा. किंवा आठवड्याच्या मधल्या फ्रेंडलीमध्ये, स्कोअरिंगचं ट्रेनिंग चालू असताना. त्या ट्रेनिंगचा पूर्ण फायदा फॉरवर्डच्या जागी खेळणाऱ्यांनाच होतो, त्यामुळं तिघांना खेळवणं तिथं शहाणपणाचं आहे. फ्रेंडली हरली तरी काही बिघडत नाही. पण लीगच्या मॅचमध्ये ट्रेनिंगसाठी तिसरा फॉरवर्ड घुसडणारे पाहिले की वाईट वाटतं. पॉइंट परत मिळत नाहीत.

एक गोष्ट सोबतच सांगून ठेवतो. प्रत्येक फॉर्मेशनचा संघाला वेगळा अनुभव असतो आणि तो खेळूनच वाढतो. कधीच न खेळलेलं फॉर्मेशन अचानक लीगमध्ये लावलं तर मैदानावर गोंधळ उडायची शक्यता वाढते आणि सगळंच रेटिंग खाली येतं. नवीन रचना आधी फ्रेंडलीत रुळवा.

डावं-उजवं

ही चूक ऐकायला पोरकट वाटते, पण अनुभवी खेळाडूही करतात.

मॅचनंतर प्रत्येक संघाला सात रेटिंग मिळतात: मधली फळी एक, बचावाची तीन, हल्ल्याची तीन. बचाव आणि हल्ला डावा, मधला, उजवा असे विभागलेले असतात. तुमच्या डाव्या हल्ल्याची गाठ समोरच्याच्या उजव्या बचावाशी पडते. दोन्ही संघ समोरासमोर उभे आहेत, त्यामुळं हे असंच असणार. तरीही तक्ता वाचताना डोळा फसतो. समोरच्याचा 'उजवा बचाव' कच्चा दिसला की हात आपोआप आपल्या उजव्या बाजूला जातो.

समजा पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या गेल्या तीन-चार मॅच तुम्ही उघडल्या. त्याचा मधला बचाव 'सॉलिड', डावा बचाव 'सॉलिड', उजवा मात्र दर वेळी 'वीक' किंवा 'इनअडिक्वेट'. तर तुमचा चांगला विंगर, म्हणजे बाजूनं खेळणारा मिडफिल्डर, डावीकडं, आणि विंगकडं झुकणारा फॉरवर्डही डाव्या फॉरवर्डच्या जागेवर. तो उजव्या जागेवर ठेवून 'विंगकडं' ऑर्डर दिली तर तो उजवीकडंच सरकेल आणि समोरच्याच्या भक्कम बाजूवर जाऊन आदळेल. ऑर्डर देऊन झाली की एकदा बोट ठेवून बघा: माझा डावा, त्याचा उजवा. पाच सेकंद लागतात.

तक्ता बघताना एकच मॅच धरू नका. एखाद्या मॅचला त्याचा बॅक जखमी असेल, नाहीतर समोर दुबळा संघ आहे म्हणून त्यानं मुद्दाम हलका संघ उतरवला असेल. सलग मॅचमध्ये तीच बाजू कच्ची दिसली, तरच ती वाट पक्की धरा.

विंगकडं झुकणारा फॉरवर्ड

कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीत होता. पुढं आयएसएलमध्ये तो विंगवरही दिसला. तसा पाय असलेला आघाडीपटू बाजूला सरकवला तर शोभतो. पण गोलसमोर ठाण मांडून बसणारा प्रत्येक स्ट्रायकर तसा नसतो, आणि गेममध्येही हे तंतोतंत लागू आहे.

विंगकडं झुकणारा फॉरवर्ड आपल्या बाजूचा हल्ला चांगलाच वाढवतो, त्याच्या बदल्यात मधल्या हल्ल्यातलं त्याचं देणं कमी होतं. बाजूच्या हल्ल्यात त्याचं विंगरचं कौशल्य सगळ्यात जास्त कामाला येतं, स्कोअरिंग त्याच्या मागोमाग. म्हणजे स्कोअरिंग भरपूर आणि विंगर शून्याच्या आसपास असा खेळाडू तिकडं सरकवलात तर मधलं गमावता आणि बाजूला अर्धवट कमावता. हा सौदा बऱ्याचदा तोट्याचा ठरतो. याउलट विंगर म्हणून वाढवलेला, पण स्कोअरिंगही बरं असलेला खेळाडू या जागेवर सोन्यासारखा चालतो. असे खेळाडू मार्केटमध्ये स्वस्तही मिळतात, कारण लोक शुद्ध विंगर नाहीतर शुद्ध स्ट्रायकर शोधत असतात.

दुसरं म्हणजे, बाजूचा हल्ला एकट्या फॉरवर्डनं उभा राहत नाही. त्याच बाजूला विंगर हवा, जमल्यास आक्रमक ऑर्डरचा, आणि मागं विंगबॅकनंही थोडा हातभार लावायला हवा. काही जण फॉरवर्ड डावीकडं झुकवतात आणि आपला चांगला विंगर उजवीकडं ठेवतात, 'दोन्ही बाजू समतोल' म्हणून. मग दोन्ही बाजू बऱ्यापैकी होतात आणि धारदार एकही होत नाही. समोरच्याचा बचाव तिन्ही बाजूंनी सारखाच असेल तर समतोल ठीक. त्याची एक बाजू उघडी असेल तर सगळा भार तिकडंच टाका.

डिफेन्सिव्ह फॉरवर्डकडून बचावाची अपेक्षा

पुढं कडक संघ आहे, मागं घट्ट राहायचंय, म्हणून डिफेन्सिव्ह फॉरवर्ड लावला असं बरेच जण सांगतात. या खेळाडूनं तुमच्या बचावाच्या रेटिंगमध्ये काहीही भर पडत नाही. तो खाली येऊन मधल्या फळीला मदत करतो आणि पासिंगमधून हल्ला घडवतो. म्हणून तिथं स्कोअरिंगचा राजा नको, पासिंग आणि प्लेमेकिंग (मधली फळी चालवायचं कौशल्य) असलेला खेळाडू हवा. तुमचा एखादा मिडफिल्डर पासिंगमध्ये चांगला असेल आणि मधे जागा नसेल, तर त्याची हीच जागा आहे.

गेममध्ये काही खेळाडूंना टेक्निकल, पॉवरफुल, वेगवान, हेड (डोकं मारणारा) अशी एखादी खास खुबी असते. त्यात तो खेळाडू टेक्निकल असेल तर आणखी चांगलं. डिफेन्सिव्ह ऑर्डरवरच्या टेक्निकल फॉरवर्डचं पासिंग दोन्ही बाजूंच्या हल्ल्यात जादा कामाला येतं. दोन्ही विंगर चांगले असलेल्या संघात एक नॉर्मल फॉरवर्ड आणि जोडीला असा एक टेक्निकल डिफेन्सिव्ह फॉरवर्ड, ही माझी सगळ्यात आवडती जोडी. मधला हल्ला थोडा कमी होतो, पण मधली फळी, डावं आणि उजवं तिन्ही वर येतं. अशा संघाविरुद्ध कुठं दार लावायचं हेच समोरच्याला कळत नाही.

गोल कुणाच्या नावावर पडला, यावरून ठरवणं

मॅच रिपोर्टमध्ये लिहून येतं, अमुक खेळाडूनं संधी दवडली. पुढच्या आठवड्यात तो बाहेर. हे करू नका.

नेहमीच्या चढायांमध्ये गोल होणार की नाही हे त्या बाजूचा तुमचा पूर्ण हल्ला आणि समोरच्याचा पूर्ण बचाव यांच्या तुलनेवरून ठरतं. नाव कुणाचं येतं हा रिपोर्ट रंगवण्याचा भाग झाला. तुमचा फॉरवर्ड चार मॅच गोलविना असेल आणि दरम्यान मधल्या हल्ल्याचं रेटिंग चढत असेल, तर तो त्याचं काम चोख करतोय. अपवाद असतो स्पेशल इव्हेंटचा. वेगवान खेळाडू सुटला, डोकं मारणाऱ्याला क्रॉस मिळाला, अशा वेळी खेळाडूचं स्वतःचं कौशल्य मोजलं जातं.

या खुबींबद्दल जोडीला थोडक्यात. पॉवरफुल फॉरवर्ड असेल तर त्याला नॉर्मल ऑर्डरच ठेवा. चढाई हुकल्यावर रेटून दुसरी मिळवण्याची त्याची खुबी नॉर्मल ऑर्डरवरच चालते, डिफेन्सिव्ह किंवा विंगकडं वळवलात की ती गेली. समोरच्या बचावात हेड स्पेशालिटीवाले असतील तर तुमचा टेक्निकल फॉरवर्ड त्यांना चकवू शकतो. वेगवान फॉरवर्डला समोरचा वेगवान बचावपटू अडवतो. आणि हवामान बघा. पावसात पॉवरफुल खुलतो आणि टेक्निकल फिका पडतो, कडक उन्हात याच्या उलट, आणि वेगवान खेळाडूला दोन्हींचा त्रास होतो. जुलैत आपल्या खिडकीबाहेर पंचगंगा पात्राबाहेर आलेली असेल, पण त्याचा इथं काही संबंध नाही. ज्या संघाच्या मैदानावर मॅच आहे, त्याच्या प्रदेशाचा गेममधला अंदाज उघडून बघा.

टॅक्टिक एकीकडं, फॉरवर्ड दुसरीकडं

'मधून हल्ला' हे टॅक्टिक निवडलं की बाजूनं होणाऱ्या काही चढाया मधून वळवल्या जातात. 'बाजूनं हल्ला' निवडलं की मधल्या काही चढाया विंगवर जातात. आता कुणी मधून हल्ला निवडतो आणि दोन्ही फॉरवर्ड विंगकडं झुकवतो. चढाया मधून येतात, फॉरवर्डची ताकद बाजूला पडलेली असते. वाचताना हसू येईल, पण टॅक्टिक आणि ऑर्डर वेगवेगळ्या जागी ठरवत असल्यामुळं हे सर्रास होतं. या दोन्ही टॅक्टिकचा दर्जा संघाच्या एकूण पासिंगवर ठरतो हेही लक्षात असू द्या. गोलकीपर सोडून दहाही जणांचं पासिंग मोजलं जातं, त्यामुळं फॉरवर्डचं पासिंग इथंही वाया जात नाही.

काउंटर अटॅकची, म्हणजे समोरच्याची चढाई अडवून उलटा हल्ला करायच्या टॅक्टिकची गोष्ट निराळी. ते निवडलं की मधल्या फळीचं रेटिंग सुमारे 7 टक्के घटतं, आणि मधल्या फळीत तुम्ही मागं असाल तरच ते चालतं. तिथं दोनच फॉरवर्ड, नाहीतर एकच, पण जातिवंत. कारण काउंटरचा दर्जा बचावपटूंच्या पासिंग आणि डिफेंडिंगवर ठरतो. माणसं मागं लावायची, आणि मिळालेल्या मोजक्या चढायांचं सोनं करणारा एक जण पुढं. काउंटर खेळताना 3-4-3 लावलेलं मी पाहिलंय. बचाव फाटका, त्यामुळं काउंटर सुटतच नाही, आणि तिघं फॉरवर्ड पुढं वाट बघत उभे.

निकाल बिघडला तर कुठं बघायचं

फॉरवर्डला हात लावण्याआधी मॅचचा तक्ता या क्रमानं वाचा. पहिला ताबा. तो 45 टक्क्यांच्या खाली असेल तर दुरुस्ती मधल्या फळीत, फॉरवर्डला सोडा. ताबा ठीक असेल तर चढाया कुठून झाल्या ते बघा. चढाया बाजूनं होत्या आणि तुमची सगळी ताकद मधे होती, असं दिसलं तर खेळाडू तेच ठेवून ऑर्डर बदला, नाहीतर टॅक्टिक बदला. ताबा ठीक, वाट ठीक, रेटिंगही समोरच्या बचावापेक्षा वर, तरीही गोल नाही, तर काहीही बदलू नका. नशीब एका मॅचला फिरतं. अशा वेळी संघ मोडणाऱ्यांचं पुढच्या तीन मॅचमध्ये नुकसान होतं.

रेटिंगच खाली आलं असेल तर फॉरवर्डचा फॉर्म आणि स्टॅमिना बघा. कौशल्य तेच असतं, फॉर्म ढासळला की योगदान ढासळतं. स्टॅमिना कमी असलेला फॉरवर्ड दुसऱ्या हाफमध्ये विझत जातो. पस्तिशीकडं झुकलेला नावाजलेला स्ट्रायकर ठेवणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

बदल करून बघायचा तर आधी 'हॅटट्रिक ऑर्गनायझर' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करून बघा. एकच खेळाडू, तिन्ही ऑर्डर, आणि प्रत्येक वेळी सातही रेटिंग शेजारी लिहून काढा. तुमच्या संघात कोण कुठं बसतो ते त्या तीन ओळींतच दिसतं.

राहिली गोष्ट मॅच चालू असतानाच्या बदलांची. आधीच अटी घालून ठेवता येतात, पण बहुतेक जण ते पान उघडतच नाहीत. 60व्या मिनिटाला आपण मागं असू तर डिफेन्सिव्ह फॉरवर्डला नॉर्मल कर, अशी ऑर्डर देता येते. त्यानं खेळाडू बदलावा लागत नाही आणि बदली शिल्लक राहते. पुढं असू तर उलटं: थकलेला फॉरवर्ड काढून ताजा मिडफिल्डर. दोन गोलांची आघाडी झाली की संघ आपणहून थोडा मागं सरकतो, हल्ला उतरतो आणि बचाव चढतो. म्हणून तिथं बचाव वाढवायला आणखी बदली खर्च करायची गरज नसते. ती एका गोलाच्या आघाडीसाठी राखून ठेवा, आणि मिनिट 75 च्या पुढचं घाला.